सतरा नंबरची जागा

मंगळवार, २७ जून

गेला! फर्गस गेला. एकोणीस वर्षांचं पोर, फुटबॉलचा मोसम ऐन मध्यावर, आणि आज सरावाला आला तो बूट चढवायला नाही, जर्सी परत करायला. ‘कोल, मला किलगावरमध्ये इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम मिळालंय. तिथेच राहीन, खेळेनही तिथेच.’ बस्स. सतरा नंबरची जर्सी बाकावर ठेवली आणि चालता झाला.

किलगावर! जगात दुसरा क्लब नव्हता?

मी पार गाडीपर्यंत मागे गेलो. म्हटलं, ‘खरं कारण सांग.’ म्हणतो, ‘हेच खरं.’ कसं घडाघडा बोलला! माणूस खरं सांगताना जरा अडखळतो. हा पाठ करून आला होता. कुणीतरी फोडलाय त्याला. कुणी, ते मी शोधून काढणार.

जॉयलीनला घरी येऊन सांगितलं तर ती बटाटे सोलतच म्हणाली, ‘पोराला नोकरी लागली, तुझ्या का पोटात दुखतंय?’ माझी स्वतःची बायको!

बुधवार, २८ जून

खेळाडूंच्या बदलीचे कागद शुक्रवारी बंद. दोन दिवसांत उंच माणूस कुठून पैदा करू? चाऱ्याच्या दुकानात पोती मोजतोय आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची उंची बघतोय.

शुक्रवार, ३० जून

मिळाला. पण मला हा माणूस पसंत नाही.

नाव सिओने. टोंगा बेटांवरचा. आमच्याच गावात बहिणीकडे राहतो, किलगावरच्या मटण कारखान्यात कामाला. आयुष्यभर रग्बी खेळलेला, आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल कधीच नाही, पण काल क्रेगने – आमचा कोच – त्याला चेंडू उंच फेकून दिला तर पठ्ठ्याने तीन जणांच्या डोक्यांवरून तो काढला. क्रेगच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मुदत संपायला तासभर उरला असताना सही झाली.

आता मी काय म्हणतो ते. एक – ऐन गरजेला नेमका उंच माणूस आपणहून दारात कसा येतो? दोन – कारखान्यात तो किलगावरच्या पोरांसोबत एकाच गाडीतून जातो. तीन – मला ‘मिस्टर ट्रेगेन्झा’ म्हणतो! आमच्या मंडाऱ्यात मला माझ्या बँकेचा माणूससुद्धा मिस्टर म्हणत नाही. इतकी अदब कशाला?

क्रेगला हे सगळं सांगितलं. म्हणाला, ‘कोल, लेका, तुला वरून पाऊस पडला तरी कोण ओततंय ते बघायचं असतं.’

सकाळी बाबांकडे जाऊन आलो. नेहमीचा शुक्रवार. बाबांचा वृद्धाश्रमही किलगावरलाच, काय करणार, सगळ्या पंचक्रोशीत तो एकच. मंडाऱ्याचा आल्बी ट्रेगेन्झा, ज्याने किलगावरला वर्षानुवर्षं रडवलं, तो म्हातारपणी झोपतो त्यांच्याच गावात! आई गेल्यापासून ते बोलतच नाहीत म्हणा ना. नर्स म्हणते, आठवडाभर खिडकीबाहेर बघत बसतात. फक्त शुक्रवारी स्वतः उठून दाढी करतात. कारण मी जातो आणि संघ वाचतो – गुरुवारी आमच्या निवड समितीत ठरलेला, कोण पुढे, कोण मागे, कोण बाकावर, सगळा. मग खुलतात. सतरा नंबर त्यांचा होता, त्यामुळे पहिला प्रश्न तोच.

‘सतरा कुठे?’

‘नवा माणूस आहे, बाबा. पुढेच ठेवतोय.’

‘हात कसे आहेत त्याचे?’

‘फावड्यासारखे.’

‘मग घाल. नावाशी काय करायचंय?’ आणि हसले. हे फायनल्स तरी बघू देत, देवा. अकरा वर्षं झाली आम्हाला अंतिम पाचांत येऊन. या वर्षी आलो तर मी त्यांना गाडीत घालून आणणार, कुंपणाला नाक लावून गाडी उभी करणार, आणि गोल झाला की भोंगा त्यांच्याच हाताने वाजवायला लावणार. वचन दिलंय. ते मोडायची माझी तयारी नाही.

शनिवार, ८ जुलै

जिंकलो! सिओनेने पाच गोल मारले. कुंपणाभोवतीच्या सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम, जॉयलीनने आमचा इतका दाबला की हाफटाइमला बॅटरी बसली.

पण. आम्ही आज आमच्या सगळ्यात चपळ पोराला मुद्दाम मध्यभागी टाकलं होतं. कधीच टाकत नाही. आणि समोरच्यांनी पहिल्या मिनिटापासून त्याला दोघांनी धरून ठेवलं. कसं? त्यांना स्वप्न पडलं?

कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, १३ जुलै

आज समितीची बैठक झाल्यावर मी फळ्याशी होतो. सिओने आला, हातात टोपी धरून उभा राहिला. म्हणाला, ‘मिस्टर ट्रेगेन्झा, एक विचारू? संघ ठरला की तुम्ही तो कुणाला सांगता का?’

मलाच विचारतो! मी म्हटलं, ‘तुला कशाला हव्यात या चौकशा?’ तर पुटपुटला, ‘सहज.’ आणि मग जाता जाता, ‘तुमचे वडील कसे आहेत? शुक्रवारी भेटता ना त्यांना?’

माझ्या वडिलांचं याला कुणी सांगितलं? माझा शुक्रवार याला कसा माहीत? घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. हा माणूस माझी माहिती काढतोय.

शुक्रवार, १४ जुलै

बाबांना संघ वाचला. खूश. ‘सतराने पाच मारले म्हणे?’ मला आधीच माहीत होतं की त्यांना कळलेलं असणार. फर्गसची आजी डल्सी त्यांच्याच मजल्यावर आहे, ती रेडिओ ऐकते. त्या बाईशी मात्र मी तोंड उघडत नाही. नातू शत्रूकडे गेलेला, कोण जाणे.

शनिवार, २२ जुलै

हरलो. पुन्हा तेच! आमची प्रत्येक चाल त्यांना तोंडपाठ. शेवटच्या क्वार्टरला क्रेगने संत्र्याची साल जमिनीवर आपटली आणि म्हणाला, ‘कोल, मला आता तुझं पटायला लागलंय. कुणीतरी बोलतंय.’

इतकं बरं वाटलं मला! हरल्याचं दुःख निम्मं झालं. जॉयलीनला सांगू नये असं वाक्य आहे हे.

मंगळवार, २५ जुलै

पाहिलं! स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चाऱ्याची पोती पोचवून परत येत होतो तर पेट्रोलपंपावर ती गाडी. सिओने मागच्या सीटवर, आणि पुढे किलगावरचा डेव्ही स्टॅगोल, त्यांचा मधला खेळाडू. डेव्ही काहीतरी सांगून मांडीवर थापा मारत हसत होता. सिओने हसत नव्हता. मला पाहिल्यावर तर त्याने चक्क मान खाली घातली.

मान का खाली घालतो माणूस? चोरी असेल तेव्हाच ना!

सराव संपला की हा एकटा गाडीत बसून फोनवर बोलतो, त्यांच्या भाषेत, अर्धा अर्धा तास. मी आज खिडकीजवळून मुद्दाम दोनदा गेलो. हसून म्हणाला, ‘आई आहे.’ दर मंगळवारी, दर गुरुवारी आई? माझी आई जिवंत असताना मी ख्रिसमसला फोन करायचो.

शनिवार, ५ ऑगस्ट

जिंकलो, कसेबसे. सिओनेच होता म्हणून. भर चिखलात, दोघे अंगावर लोंबकळत असताना त्याने शेवटचा चेंडू झेलला. खाली उतरताना त्यांच्या एका पोराला पडताना धरलंही. लोक त्याला डोक्यावर घ्यायचे बाकी होते. मीही भोंगा वाजवला. खोटं कशाला बोलू, मनापासून वाजवला. घरी येताना त्याचाच राग आला.

आता दोन सामने. दोन्ही जिंकले तर पाचव्या नंबरवर जाऊ. शेवटचा किलगावरशी, फर्गस समोर. हेर पकडल्याशिवाय तो सामना मी खेळू देणार नाही.

गुरुवार, १० ऑगस्ट

सापळा लावला.

सिओनेला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘शनिवारी तू मागे खेळणार आहेस, थेट आपल्या गोलच्या खांबांपुढे. कुणाला बोलायचं नाही.’ साफ खोटं! तो पुढेच खेळणार. हे खोटं फक्त त्याच्या कानात घातलंय. फळ्यावर काही नाही, क्रेगला पत्ता नाही. शनिवारचा सामना टार्नूकशी; आता त्यांच्या माणसांना हे कळलं, तर कळलं कुठून? एकाच तोंडातून!

त्याने टोपी डोक्यावर घातली. म्हणाला, ‘ठीक आहे, मिस्टर ट्रेगेन्झा.’

जॉयलीन म्हणते मी पोलिसात भरती व्हायला हवं होतं. चेष्टेने म्हणते, पण चुकीचं म्हणत नाही.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

बाबा आज फार छान होते. निळा शर्ट, मफलर क्लबचा. संघ वाचला. सापळा म्हणजे सापळा, त्यात फट ठेवायची नाही, म्हणून त्यांनाही तेच वाचलं – सतरा मागे. असे भडकले!

‘मागे? गाढवा, तो काय दरवाजा आहे का मागे लावायला? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?’

‘माझ्याच.’

‘तुझी आई असती तर तुला उपाशी ठेवलं असतं.’

इतकी वाक्यं सलग! नर्स दारातून डोकावून गेली. वाईट वाटलं म्हाताऱ्याला फसवल्याचं, पण सोमवारी फोनवर खरं सांगेन. गंमत वाटेल त्यांना.

शनिवार, १२ ऑगस्ट

सापडला!!

सामना सुरू व्हायचा भोंगा झाला, फळ्यावर होतं तसा आमचा सतरा नंबर धावत पुढे गेला आणि टार्नूकवाले चक्रावले. त्यांचा ठेंगणा पोरगा सिओनेसमोर उभा, खांद्यालाही लागत नव्हता. आणि त्यांचा कोच रेषेवरून बोंबलला, अगदी माझ्या कानाजवळ – ‘अरे, हा तर मागे असणार होता ना!’

हातातला मटणाचा पॅटिस पडला, सॉस पँटवर. आठ गोल मारले सिओनेने. जिंकलो. मला जिंकल्याचं कळलंच नाही.

आनंद व्हायला हवा होता मला. तसा झाला नाही. आठ गोल मारणारा माणूस हेरगिरी का करेल? जाऊ दे. पुरावा म्हणजे पुरावा.

मंगळवार, १५ ऑगस्ट

क्रेगला सांगितलं. तो म्हणाला, ‘आठ गोल, कोल. शनिवारी किलगावर. हा नसेल तर आपण गेलोच.’ मी म्हटलं, ‘तो असेल तर आपण आधीच गेलोय.’ शेवटी म्हणाला, ‘निवड समिती तू आहेस. तूच सांग त्याला. मला नाही जमणार.’

सांगितलं. कपडे बदलायच्या खोलीत, बाकी सगळे बाहेर असताना.

‘आपलं सगळं बाहेर जातंय.’

‘हो,’ म्हणाला. हो! तोंडावर हो!

‘ती मागे खेळण्याची गोष्ट मी फक्त तुला सांगितली होती.’

त्याने मान वर केली. ‘फक्त मला?’

‘तुलाच. म्हणजे बाहेर कुणी नेली?’

तोंड उघडलं त्याने. काहीतरी अगदी ओठांवर आलं, दिसलं मला. मग मिटलं. बुटांच्या नाड्या सोडायला लागला. मी वाट बघत होतो, भांडेल, शिव्या देईल, नाकारेल. निर्दोष माणूस आकाशपाताळ एक करतो. हा एवढंच म्हणाला, ‘ठीक आहे. शनिवारसाठी शुभेच्छा.’

म्हणजे कबूलच ना? कबूलच.

गुरुवार, १७ ऑगस्ट

सकाळी दुकानाच्या पायरीवर सतरा नंबरची जर्सी. धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळलेली. फर्गसने घामाची तशीच टाकली होती.

जॉयलीन दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आज जेवताना एकच वाक्य – ‘त्याने तुला विचारलं होतं, तू कुणाला सांगतोस. तू उत्तर दिलंस का?’ कुठलं जुनं काढून बसते!

शुक्रवार, १८ ऑगस्ट

बाबांना संघ वाचला. ‘सतरा कुठे?’ म्हटलं, ‘दुखावलाय, बाबा.’ त्यांनी मफलर सारखा केला. मग म्हणाले, ‘पण फायनल्सला तर असेल ना?’

शनिवार, १९ ऑगस्ट

हरलो. दोन गुणांनी. फर्गसने सहा मारले, आणि त्याला उंचीत अडवायला आमच्याकडे कुणीच नव्हतं.

आणि किलगावरला आज आमची चालन्‌चाल ठाऊक होती. सिओने नसताना! गुरुवारी तो मैदानाच्या आसपाससुद्धा नव्हता. मग? कुणीतरी अजून आहे? दोघे होते?

सामना संपल्यावर फर्गस आला, मला मिठी मारली, म्हणाला, ‘वाईट वाटतंय, कोल.’ त्याच्या दंडावर तारेने भाजल्याच्या खुणा, नखांत ग्रीस की काय ते. खरंच इलेक्ट्रिशियनकडे काम करतोय म्हणजे पोरगा. हे मी आज पाहिलं.

फायनल्स हुकले. बाबांना सांगायचं कसं?

रविवार, २० ऑगस्ट

कधी जात नाही ते रविवारी गेलो. फोनवर सांगवेना, शुक्रवारपर्यंत थांबवेना.

खोलीत नव्हते. नर्स म्हणाली, ‘जेवणाच्या हॉलमध्ये बघा, त्यांचं मंडळ बसलंय.’ मंडळ? माझ्या बाबांचं? जे आठवडाभर खिडकीबाहेर बघतात?

कोपऱ्यातलं गोल टेबल. बाबा मधोमध. एका बाजूला टार्नूकच्या टोपीतला म्हातारा, दुसऱ्या बाजूला लालपिवळ्या मफलरातला किलगावरचा आर्ची स्टॅगोल – डेव्हीचा आजोबा! – आणि फर्गसची आजी डल्सी. प्रत्येकापुढे जेलीच्या वाट्या, कुणापुढे चार, कुणापुढे एकही नाही. आर्चीपुढे सगळ्यात जास्त. पैजा लावतात हो, जेलीच्या!

मला पाहताच आर्चीने चमचा वर केला. ‘या, या! आल्बीचा वार्ताहर आला! अरे, तुझ्या बापाचा शुक्रवार झाल्याशिवाय आमच्या पैजा लागत नाहीत. पण त्या आठवड्याला कसा फसवलास रे आम्हाला? सतरा मागे म्हणे! माझ्या या दोस्ताने टार्नूकला पोराला फोन करून सांगितलं, आणि पोराचं नाक कापलं गेलं कोचसमोर!’

टार्नूकची टोपी खिन्नपणे हलली. ‘तीन वाट्या गेल्या माझ्या.’

मी खुर्चीची पाठ धरली. ‘बाबा, तुम्ही संघ यांना सांगता?’

बाबांना प्रश्नच कळला नाही. चेहरा इतका उजळलेला, इतका निर्मळ. ‘बाहेर कुणाला सांगतो का मी? या टेबलावरचीच तर माणसं!’

त्या टेबलावर अख्खी लीग बसली होती. प्रत्येकाची पोरं, नातवंडं शुक्रवारी दुपारी भेटायला येतात. त्या टेबलाला बातमी पुरवणारा एकच. दाढी करून, मफलर घालून माझी वाट बघणाऱ्या माणसाला दर शुक्रवारी सकाळी, स्वतःच्या तोंडाने संघ वाचून दाखवणारा मी.

डल्सीने माझ्यापुढे चहा सरकवला. बाबांनी विचारलं, ‘सतराचं दुखणं कसंय रे?’

सोमवार, २१ ऑगस्ट

सिओनेच्या बहिणीकडे गेलो. दारातच टोपी काढली. जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक वाक्य आठवेना. ‘माझे बाबा होते,’ एवढंच म्हणालो.

‘माहीत आहे,’ म्हणाला. ‘डेव्हीने गाडीत जुलैतच सांगितलं होतं. हसून हसून सांगत होता.’

‘मग बोलला का नाहीस, माणसा? तुला काढलं मी!’

‘एकदा विचारून पाहिलं तुम्हाला. नंतर आईशी बोललो. माझे आजोबा शेवटची दोन वर्षं कुणाशी बोलले नाहीत, मिस्टर ट्रेगेन्झा. तुमचे वडील शुक्रवारी बोलतात. मी सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना संघ वाचणं बंद केलं असतं.’

केलं असतं. त्याच दिवशी केलं असतं.

जर्सी सोबत नेली होती. त्याने घेतली नाही, ‘बघू पुढच्या वर्षी,’ म्हणाला. किलगावरने विचारलंय त्याला. विचारणारच.

शुक्रवारी मी बाबांकडे जाणार. संघ नाही तर नाही. मी सिओनेशी काय केलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार, या वहीतूनच. संध्याकाळपर्यंत अख्ख्या लीगला कळेल. कळू दे.